वारुळाची अळंबी : खणण्यापासून रश्श्यापर्यंत

आषाढातली पहिली मोठी झड ओसरून दोन दिवस ऊन पडले की आमच्या ओट्यावर कोणी ना कोणी पिशवी उघडून विचारतो, "ही खायची का?" पिशवीत पांढुरक्या टोप्या असतात आणि जमिनीलगत मोडलेले देठ असतात. ज्या भागावरून उत्तर द्यायचे, तो मात्र बांधावरच्या मातीतच राहिलेला असतो. त्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे : फेकून द्या. चांगली अर्धा किलो अळंबी फेकायला सांगणारा माणूस कोणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोडून आणलेली अळंबी ओळखता येत नाही आणि ओळख पटली नाही तर ती शिजवायची नाही, यात तडजोड नाही.

हा लेख एकाच प्रकारापुरता आहे. वाळवीच्या वसाहतीतून उगवणारी, लांब मूळ असलेली, मोठ्या टोपीची अळंबी, म्हणजे शास्त्रीय भाषेत टर्मिटोमायसिस प्रजातीतली मोठी जात. सातपुड्याच्या पाड्यांवर आणि साक्री–नवापूरच्या डोंगरपट्ट्यात तिला गावागणिक वेगळे नाव आहे, म्हणून नावावर विसंबू नये. एका गावचे नाव दुसऱ्या गावात भलत्याच छत्रीला लावलेले असू शकते.

पूर्वतयारी : घरातून निघण्याआधी

बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत : लांब पात्याचे खुरपे किंवा लहान कुदळ, धारदार चाकू, एक जुना दात घासायचा ब्रश, बांबूची टोपली आणि जुन्या वर्तमानपत्राचे चार-सहा कागद. प्लास्टिकची पिशवी घरीच ठेवावी. अळंबीत बहुतांश पाणीच असते. बंद पिशवीत ती घामेजते, तासा-दोन तासांत चिकट होते आणि ओळखीच्या निम्म्या खुणा वाटेतच पुसल्या जातात.

पायात बूट आणि हातात काठी हवी. वारुळाच्या भोकात नाग, घोणस किंवा फुरसे असू शकते, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की ते बाहेरच्या गवतात येऊन बसते. भोकात बोट घालून माती उकरायची नाही. आधी काठीने गवत हलवावे, मग खाली बसावे.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवावी. यावल किंवा अनेर धरण यांसारख्या अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. वनहक्क कायदा, 2006 नुसार गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातले इतर उत्पन्न) गोळा करण्याचा हक्क ज्यांना आहे, तो परंपरेने त्या वनात राहणाऱ्यांना आहे. शहरातून गाडी घेऊन आलेल्यांना नाही.

टप्पा 1 : वेळ आणि जागा

ढग गडगडले की अळंबी फुटते, असे म्हणतात. प्रत्यक्षात तिला जमीन खोलवर भिजलेली आणि हवा दमट-उबदार लागते. त्यामुळे पहिल्या सरीला ती येत नाही. दोन-चार चांगले पाऊस होऊन मध्ये उघडीप मिळाली की येते. आपल्याकडे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, आणि डोंगराच्या बाजूला सपाटीपेक्षा अधिक भरवशाने.

नवखा माणूस कंबरभर उंचीचे वारूळ शोधत फिरतो. ही पहिली चूक आहे. खान्देशात वाळवीच्या कितीतरी वसाहती पूर्णपणे जमिनीखाली असतात; वर टेकाड नसते, फार तर थोडी फुगलेली माती दिसते. कुरणात, जुन्या बांधावर, आंब्याच्या किंवा पळसाच्या आसपास सपाट जागी पाच-पंचवीस टोप्या एकत्र वर आलेल्या दिसल्या तर खाली वसाहत असण्याची शक्यता असते. उलट, वारुळाशेजारी उगवली म्हणजे ती वारुळाचीच, हेही खरे नाही. वारुळाच्या मातीवर इतर छत्र्याही रुजतात.

> जागा टाळा : फवारणी झालेल्या कपाशीचा किंवा केळीचा बांध, महामार्गाची कड, उकिरडा, कारखान्याचे सांडपाणी जिथे मुरते ती जमीन. अळंबी जमिनीतले जड धातू आणि रसायने शोषून घेते. जात खाण्याजोगी असली तरी अशा जागची अळंबी खाण्याजोगी राहत नाही.

टप्पा 2 : एक अळंबी मुळासकट खणणे

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नये.

घोळक्यातली एक पूर्ण उमललेली अळंबी निवडावी. तिच्यापासून वीतभर अंतरावर खुरपे उभे घालून बाजूने खड्डा करत जावे आणि माती तिच्याकडून खड्ड्यात पाडावी. देठाला धरून वर ओढायचे नाही. काळ्या चिकट जमिनीत ओढलेला देठ हमखास तुटतो, आणि तुटलेल्या टोकावरून तो तिथेच संपत होता की पुढे जात होता, हे कळत नाही.

जमिनीच्या पातळीखाली देठ थोडा फुगीर होऊन मग निमुळता होत जातो आणि खाली मुळासारखा उतरतो. हे मूळ कधी वीतभर, कधी हातभर असते. वरचा देठ पांढरा असतो, तर मूळ मळकट तपकिरी आणि चिवट असते. शेवटी ते वाळवीच्या बागेला भिडते. ही बाग म्हणजे वाळवीने बुरशी वाढवायला बनवलेला, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, करडा-तपकिरी, हातात चुरगळणारा स्पंजासारखा गोळा. त्याच्यावर रव्याच्या कणांएवढे पांढरे दाणे विखुरलेले दिसतात आणि वाळवी धावत असते. माझ्या काकांनी मला हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले होते, "टोपी नको देखू, बुड देख." त्या दिवशी दीड तास उकरून आम्ही एकच अळंबी घरी आणली होती.

बाग दिसली की थांबावे. ती बाहेर काढू नये, फोडू नये. माती पुन्हा लोटून दाबून द्यावी. वसाहत जिवंत राहिली तर त्याच जागी पुढच्या पावसाळ्यातही अळंबी येते.

> तपासणी : मूळ निमुळते होत खाली गेलेले प्रत्यक्ष दिसले का? वाटेत तुटले असेल तर दुसरी खणा. दुसरीही तुटली तर त्या दिवशी त्या जागेचा नाद सोडा.

> धोका : देठाच्या बुडाशी अंड्याच्या कवचासारखी किंवा फाटलेल्या पिशवीसारखी पांढरी वाटी आढळली तर सगळा घोळका तसाच सोडून हात धुवा. अमानिटा वर्गातल्या प्राणघातक छत्र्यांची ही मुख्य खूण आहे, आणि ती बहुधा मातीखालीच असते. देठ जमिनीलगत मोडणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

टप्पा 3 : जागेवरच पडताळायच्या खुणा

खणलेली अळंबी कागदावर आडवी ठेवावी आणि खालून वर तपासत यावे. पुढची प्रत्येक खूण जुळली पाहिजे. चार जुळल्या आणि एक नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

मूळ : वर सांगितल्याप्रमाणे लांब, निमुळते, वाटी किंवा पिशवी नसलेले.

देठ : पांढरा, आतून भरीव, उभा चिरला तर उकडलेल्या कोंबडीच्या मांसासारखे तंतू सुटतात. कापल्यावर किंवा दाबल्यावर पिवळा, लाल अथवा निळा पडत नाही. देठावर सैल किंवा वर-खाली सरकणारे कडे असेल तर ती सोडून द्यावी. टर्मिटोमायसिसमधल्या काही जातींच्या देठावर कडे असते हे खरे, पण त्यांची ओळख हे अनुभवी माणसाचे काम आहे. नवख्याने कडे दिसले की थांबावे.

पडदे : टोपीच्या खालचे पाते दाट, कोवळेपणी पांढरे आणि जून झाल्यावर किंचित गुलाबी होतात. ते देठाला चिकटलेले नसतात. टोपी मधोमध चिरून पाहिली तर देठ आणि पडदे यांच्यामध्ये बारीक मोकळी जागा दिसते. पडदे देठाला जोडलेले असतील तर ती वेगळी जात आहे, आणि गुलाबी पडद्यांच्या अशा काही जाती विषारी आहेत.

टोपी : मधोमध स्पष्ट, कठीण टोक. माती फोडून वर येण्यासाठी तेच कामी येते. टोकाचा रंग गडद करडा किंवा तपकिरी असतो आणि कडेकडे फिकट होत जातो. उमलल्यावर कडा जागोजाग उभ्या चिरतात. टोपीवर मातीचे डाग असतात, ते ब्रशने निघतात. चिकटलेले, खवल्यांसारखे तपकिरी ठिपके असतील तर हाती दुसरेच काहीतरी आहे.

खवल्यांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण गफलत सर्वाधिक होते ती तिथेच. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस नावाची पांढरी, मोठी, देखणी छत्री पावसानंतर कुरणात, बागेत, शाळेच्या मैदानात घोळक्याने उगवते. टोपीवर तपकिरी खवले, देठावर सरकते कडे, बुड थोडे फुगीर आणि मूळ नाही. कोवळी असताना तिचे पडदे पांढरेच असतात. हिरवट छटा नंतर येते. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. एका वर्षी आमच्याच घरी अशी टोपलीभर छत्री आली होती आणि कांदा चिरूनही झाला होता. ज्याने आणली त्याची खात्री इतकी दांडगी होती की मीही क्षणभर गप्प बसलो. पण बुडे नव्हती, म्हणून एक टोपी कागदावर पालथी घालून भाजी दुसऱ्या दिवसावर ढकलली. सकाळी कागदावर पडद्यांतून गळलेल्या बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, मळकट हिरवा ठसा होता.

वारुळावरच उगवणारी आणखी एक छत्री म्हणजे पोडॅक्सिस. तिची टोपी उमलत नाही, मिटलेल्या छत्रीसारखी देठाला लपेटून राहते आणि पुढे आतून काळपट भुकटी होते. ती या लेखाचा विषय नाही. तसेच बोटाच्या पेराएवढ्या टोप्यांची, शेकड्याने पसरणारी बारीक पांढरी अळंबी टर्मिटोमायसिसमधलीच असू शकते, पण तिला लांब मूळ नसते आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या लहान पांढऱ्या छत्र्यांत यकृत निकामी करणाऱ्या जाती आहेत. लहान पांढरी छत्री नवख्याने उचलूच नये.

मध्येच एक अडथळा : घरगुती कसोट्या

चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण निळा झाला नाही, तांदूळ लाल झाले नाहीत, किड्याने खाल्ली आहे, शेळीने खाल्ली, हळदीत उकळली. यांपैकी एकही कसोटी विष ओळखत नाही. अमानिटातले विष उकळल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने जात नाही, आणि गोगलगाय ज्यावर सुखाने जगते ते माणसाला मारू शकते. मोबाईलमध्ये फोटो काढून नाव सांगणारे अ‍ॅपही याच यादीत धरावे. मातीखालचे बुड त्यालाही दिसत नाही.

टप्पा 4 : रात्रभराचा ठसा

उमललेल्या एका अळंबीची टोपी देठापासून कापून, पडदे खाली करून कागदावर ठेवावी. कागदाचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा असावा, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. वर वाटी पालथी घालावी, पंखा बंद ठेवावा आणि सहा ते बारा तास हलवू नये.

वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबीसर सायीसारखा पडतो. शुभ्र पांढरा, हिरवट, चॉकलेटी, गंजासारखा तपकिरी किंवा काळा पडला तर सगळी टोपली टाकून द्यावी. ठसा गुलाबी आला म्हणून मात्र बाकीच्या खुणा माफ होत नाहीत; गुलाबी ठसा इतर जातींचाही असतो, त्यांत विषारीही आहेत.

तोपर्यंत उरलेली अळंबी न धुता कागदात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल तर आज फक्त ठशापुरती एक आणावी आणि बाकीच्यांसाठी उद्या सकाळी पुन्हा जावे.

> पहिल्या वर्षाचा नियम : ज्याने आयुष्यभर ही अळंबी खणली आहे अशा माणसाबरोबर जावे आणि त्याने प्रत्यक्ष जागेवर हो म्हटल्याशिवाय पहिल्या वर्षी काहीही शिजवू नये. फोनवर वर्णन ऐकून दिलेला होकार धरू नये.

टप्पा 5 : काढणी

नमुन्याची ओळख पटली म्हणजे घोळक्यातली प्रत्येक अळंबी पटली, असे होत नाही. प्रत्येकीच्या देठाभोवतीची माती चार बोटे खोल बाजूला सारावी, देठ वाटीशिवाय खाली जातोय हे पाहावे आणि मगच तिथे चाकूने कापावी. यामुळे काम तिप्पट लांबते. सगळ्यांना नेमका हाच टप्पा गाळावासा वाटतो.

न उमललेल्या किंवा नुकत्या उघडू लागलेल्या घ्याव्यात. पूर्ण पसरलेल्या, कडा ओघळलेल्या, आंबूस वास येणाऱ्या सोडून द्याव्यात; जून अळंबी जात चांगली असूनही पोट बिघडवते. घोळक्यातल्या काही जागेवर राहू द्याव्यात. टोपलीत पळसाची पाने अंथरून टोप्या खाली आणि देठ वर असे एका थरात ठेवावे. शंकेची अळंबी त्याच टोपलीत, अगदी वेगळ्या कागदात बांधूनही, ठेवू नये.

बाजारातून किंवा रस्त्याकडेच्या वाट्यातून विकत घेताना मूळ असलेलीच घ्यावी. मूळ छाटून धुऊन चकचकीत केलेला वाटा कितीही स्वस्त असला तरी तो नको.

टप्पा 6 : साफसफाई

आधी कोरडी, मग ओली. कोरड्या ब्रशने माती झटकावी, मुळाची तपकिरी साल चाकूने खरवडावी आणि चिवट टोक काढून टाकावे. नंतर प्रत्येक अळंबी उभी चिरून आतून पाहावी. अळ्यांची भोके असतील तर तेवढा भाग टाकावा. चिरलेले तुकडे मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून दोनदा झपाट्याने धुवावेत. तासभर भिजत घातले तर भाजी पाणचट होते आणि वास जातो.

टप्पा 7 : शिजवणे

कच्ची खायची नाही, अर्धकच्चीही नाही. पाव किलो अळंबीला दोन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे थेट विस्तवावर भाजावे. त्यात आठ-दहा लसूण पाकळ्या, चार लाल मिरच्या, चमचाभर धणे आणि मूठभर कोथिंबीर घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटावे. कढईत तेल न घालता आधी नुसती अळंबी टाकावी; ती आपले पाणी सोडते. ते पाणी आटेपर्यंत मध्यम आचेवर परतावे. बहुतेक जण हेच करत नाहीत आणि मग रस्सा कितीही उकळला तरी तुकडे रबरासारखे लागतात. पाणी आटल्यावर तेल, वाटण, चमचाभर काळा मसाला आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मग गरम पाणी घालून झाकण ठेवावे आणि किमान वीस मिनिटे उकळू द्यावे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी असेल तर दुसरे काही लागत नाही.

मसाल्याच्या बाबतीत मी थोडा कंजूष आहे. शेवभाजीइतका मसाला घातला तर अळंबी की वांगे, हे कळत नाही.

> पहिल्यांदा खाताना : दोन-तीन तुकडेच खावेत आणि चोवीस तास थांबावे, खाण्याजोगी अळंबीही काहींना सोसत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि यकृताचे दुखणे असलेले यांना देऊ नये. त्याबरोबर दारू घेऊ नये. एक कच्ची अळंबी मुळासकट कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवावी.

टप्पा 8 : वाळवण

पावसाळी उन्हावर भरवसा नसतो, म्हणून उभे पातळ काप करून दोऱ्यात ओवावे आणि चुलीच्या वरच्या उबेत किंवा पंख्याखाली टांगावे. वाकवल्यावर काप कडकन तुटला तरच तो वाळला. लवत असेल तर बरणीत बुरशी धरते, आणि बुरशी धरलेले काप निवडून वापरायचे नसतात. बरणी रिकामी करायची असते. वापरण्याआधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, ते पाणी फेकून, वर सांगितल्याइतकाच वेळ शिजवावे.

त्रास झाला तर

खाल्ल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला, हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे. दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर विष बहुधा पोटापुरते असते, तरीही दवाखाना गाठायचाच, कारण भाजीत दोन जाती मिसळल्या असू शकतात. सहा तासांनंतर, म्हणजे रात्री जेवून पहाटे, त्रास सुरू झाला तर ते जास्त धोक्याचे लक्षण आहे. अमानिटाच्या विषबाधेत दुसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि त्याच काळात आत यकृत निकामी होत असते. उलट्या थांबल्या म्हणून रुग्णाला घरी आणल्याने जीव गेले आहेत.

मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, ताक-लिंबू देत वाट पाहू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी न्यावे. बरोबर राखून ठेवलेली कच्ची अळंबी, उरलेली भाजी आणि साफ करताना टाकलेली साल-मुळे कागदी पिशवीत न्यावीत. त्या ताटात जेवलेल्या प्रत्येकाला, त्रास होत नसला तरी, त्याच गाडीत बसवावे.